तात्यांनी काढलेली बायांची सहल

सरपंच थेट लोकांनी निवडावा की मेंबरांनी, यावर आमच्या घरात आजही जुंपते. मालक म्हणतात, थेट. मी म्हणते, अहो, तेव्हा थेट असता तर आमच्या काकी जन्मात सरपंच झाल्या नसत्या! सगळं गाव तात्यांच्या शब्दावर शिक्का मारायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायांना राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या. आमचं गाव वडगाव निंबाळकरच्या अलीकडं. निवडून आलेल्या सात मेंबरांनी आपल्यातूनच सरपंच निवडायचा, आणि त्या खेपेला तो बाईच हवा. तात्यांच्या पॅनेलात चौघं: स्वतः तात्या, त्यांची इंदापूरकडची सून, मी, आणि माळावरच्या वस्तीवर भाजीपाला करणाऱ्या काकी. समोरचे तिघंही गडी. म्हणजे आमची एक बाई त्यांनी फोडली की तात्यांचा खेळ खलास. तात्यांनी सुनेला सरपंच ठरवूनच टाकलं होतं. काकींना हवा होता वस्तीवर नळ. तात्या दर निवडणुकीला पाइपलाइन आणायचे, पण ती भाषणातच. वस्तीवरच्या बाया कॅनॉलवरून हंडे वाहून वाहून टेकीला आल्या होत्या.

मेंबर फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं, ही आपल्याकडची रीतच. तात्यांनी जीप काढली आणि आमच्या नवऱ्यांना मात्र घरीच ठेवलं. म्हणाले, "नवरं चहाच्या कपावर फुटत्यात. बाया आपल्या गप बसत्यात." अगं बाई! उभा जन्म राजकारणात गेला माणसाचा, पण चूल, गुरं आणि नवरा सोडून तीन बाया एकत्र राहिल्या की काय होतं, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

काय मजा केली म्हणून सांगू! कोकणात लॉजवर उतरलो. सकाळी आयता चहा, आयतं जेवण. भाकरी थापायची नाही, धारा काढायच्या नाहीत. समुद्र आम्ही तिघींनीही पहिल्यांदाच बघितला. लुगडी, साड्या गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरलो आणि पोरींसारख्या किंचाळलो. तात्या लांब वाळूत टॉवेल टाकून घोरत होते. काकींनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि हसत म्हणाल्या, "आगं, एवढं पानी, आन एक हंडा पिन्याजोगं न्हाय! आमच्या वस्तीवानीच झालं की!"

मी पोट धरून हसले. सून मात्र हसता हसता थांबली. "काकी, तुमी अजून कॅनॉलवरनं आणता?"

"मग काय, पानी आमच्या घरी चालत येतंय व्हय?"

"मग तुमीच व्हा की सरपंच."

काकी चमकल्या. "समोरच्यांची मतं घिऊन? न्हाय बाई. मी फुटायची न्हाय."

सून पुढच्या लाटेत शिरली. मला वाटलं, विषय मिटला.

निवडीच्या दिवशी जीप थेट पंचायतीच्या दारात. तहसीलमधून साहेब आलेले. तात्यांनी सुनेचा अर्ज पुढं केला, नुसती सही बाकी. तिनं पदर सावरला आणि अर्ज बाजूला सारला.

"माझा न्हाय, काकींचा अर्ज घ्या. सूचक मी."

समोरचे तिघं आ वासून बसले. काकी घाबरून तिच्या कानाशी म्हणाल्या, "आगं, तुला त्याच घरात ऱ्हायचंय!" तात्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हटलं, "माझ्याकडं बघू नका तात्या, मी अनुमोदक हाय." असा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, खरंच सांगते.

काकींनी सही केली, आणि दुसरा अर्ज आलाच नाही. साहेबांनी काकींना बिनविरोध जाहीर केलं. काकी हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही एकदमच.

तात्या सुनेला हळूच म्हणाले, "आगं, मला आधी इचारायचं तरी."

ती तितक्याच हळू म्हणाली, "मामंजी, मला तरी कुनी इचारलं हुतं?"