नळाजवळची चप्पल
ओल्या कोळशाचा वास आला की वरोऱ्याकडच्या एका घरातलं, ऐन मे महिन्यातलं खोदकाम आठवतं. मी तिथे जुना लाइटीचा बोर्ड काढून नवा बसवायला गेलो होतो. घरच्या बाई रबरी चप्पल घालून अंगणातल्या नळाखाली गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, भरत होत्या. "नळ झोंबते ना भाऊ," त्या सहज म्हणाल्या, "पाहुणे आले का त्यायलेही चप्पल देतो. फक्त नातीच्या पायात टिकत नाई." अर्थिंगची तार कुणीतरी पूर्वी त्या नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. पुढे जमिनीतला पाइप प्लास्टिकचा झाला, तार मात्र तशीच राहिली, आणि फ्रिजमधून गळणारा करंट जमिनीत न जाता नळातच येऊन बसू लागला. मी म्हटलं, अर्थिंगसाठी नवा खड्डा खणावा लागेल. मालक म्हणाले, "बोर्ड तेवढा बदला, खड्डा कायले पायजे?" नात रांगत नळाकडे निघाली होती. मी खोदायची सब्बल उचलली आणि दिवसभर मुरूम फोडला. तळहात सोलले. खड्ड्यात अर्थिंगची प्लेट उभी केली, मीठ-कोळसा भरून पाणी ओतलं, प्लेटची तार नव्या बोर्डात नेली, नळाचा पाइपही तिलाच जोडला. बाईंनी चप्पल काढून नळावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. "काईच नाई करून राह्यला," त्या हळूच म्हणाल्या. आता माझी कंबर धरते. तरी कुणाकडे बोर्ड बघायला गेलो की आधी नळाकडे बघतो. तिथे चप्पल दिसली की काही न विचारता सब्बल मागतो.