सगळ्यात मागची गाडी

आम्ही चौघी एकाच शाळेत शिकवायचो आणि चौघींकडे स्कूटर होत्या, एवढंच आमच्या मैत्रीचं भांडवल. दर डिसेंबरात पुण्याहून भोर, वरंधा घाट, महाड करत दापोलीला जायचं, हे ठरलेलं. नवरे, मुलं, सासवा घरी. सगळ्यात पुढे कसब्यातली, जिच्या नवऱ्याचं रंगाचं दुकान आहे ती. तिला आम्ही कप्तान म्हणायचो, कारण ती कुणाचं ऐकायची नाही. सगळ्यात मागे मी. मला वेग सोसत नाही. मागून ट्रकनं नुसता हॉर्न दिला तरी माझा हात ब्रेकवर जातो.

घोळक्यानं जाण्यात माझं एकच दुखणं होतं, ते म्हणजे यांचा चहा. कापूरव्होळला चहा, भोरला चहा, घाटमाथ्यावर परत चहा. मी पोचेपर्यंत कप रिकामे आणि हेल्मेटं टेबलावर. "चहा ढोसल्याशिवाय तुमचं पान हलत नाही," मी म्हणायचे. "एकटी असते ना, तर केव्हाच पोचले असते!" कप्तान म्हणायची, "बस गं, टेक जरा." मी टेकायचे, एक कप घ्यायचे, मग निघायचो.

आम्ही निवृत्त झाल्यावर एका वर्षी डिसेंबर निम्मा सरला तरी कुणी विषय काढेना. शेवटी शनिवारी सकाळी मीच हडपसरच्या मैत्रिणीच्या घरी फोन केला. सुनेनं उचलला. "अहो काकू, आई तर उजाडतानाच गेल्या दापोलीला. तुम्ही नाही गेलात?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! इतक्या वर्षांची सोबत आणि साधं विचारावंसंही वाटू नये? नवरा म्हणाला, "त्यांची काहीतरी अडचण असेल." म्हटलं, "आहे ना. मीच." पिशवी भरली आणि गाडी काढली. या बायका तीन ठिकाणी फतकल मारून बसणार, तेव्हा कुठे ना कुठे मी त्यांना गाठणारच, अशी माझी खात्री होती. गाठल्यावर काय सुनावायचं ते कात्रजचा घाट चढेपर्यंत पाठ झालं होतं. चांगलं झोंबेल असंच होतं.

कापूरव्होळच्या टपरीवरच्या बाई ओळखीच्या. "तुमच्या मैत्रिणी व्हय? गेल्या की कवाच. थांबल्या न्हाईत आज, नुसता हात केला." भोरलाही थांबल्या नव्हत्या. घाटमाथ्यावर टेबलं रिकामी, माकडं तेवढी हजर. माझी पाठ मोडून आली होती, हातांना मुंग्या आल्या होत्या. चहा सांगितला आणि बसले.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. कप्तानला चहानं पित्त होतं. घरी ती चहाला शिवत नाही. प्रवासात मात्र दर थांब्यावर अर्धा कप घ्यायची, वर पित्ताची गोळी चघळायची, आणि मी तिलाच चहाबाज म्हणायचे. त्या चहा पीत नव्हत्याच, मी येईपर्यंत वेळ काढत होत्या. एवढ्या वर्षांत एकीनंही ते बोलून दाखवलं नव्हतं.

मी कप्तानला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"घाटात."

"एकटी?"

"नाही, वरात घेऊन आलेय."

ती हसली नाही. म्हणाली, "अगं, तुला तोंडावर कसं सांगणार होतो? एकदा, फक्त एकदा, न थांबता जायचं होतं आम्हाला. आमचेही गुडघे कुरकुरायला लागलेत. पुढच्या वर्षी जमेल, न जमेल. तू तिथेच थांब, आम्ही मागे फिरतो."

खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही. वाईट मात्र फार वाटलं, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्या खरोखरच मागे फिरल्या असत्या.

"खबरदार फिरलात तर," मी म्हटलं. "येते मी माझी. जेवायला थांबू नका."

दापोलीला पोचले, तर जेवायला थांबल्या होत्याच. कुणी सारवासारव केली नाही, मीही पाठ केलेलं काही काढलं नाही. भात वाढून घेताना एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशी एकटी निघेन आणि महाडला मुक्काम करेन. तुम्ही तुमच्या वेगानं या. वाटेत मी दिसले तरी थांबायचं नाही.

"हे काय भलतंच?" कप्तान म्हणाली.

"भलतंच तर भलतंच. थांबलात तर मी गाडी विकून टाकीन."

पुढच्या वर्षी तसंच केलं. एकटीनं जाणं बरं असतं, उगाच नावं का ठेवा. मनात येईल तिथे थांबावं, पाठ टेकावी, कुणाचा खोळंबा नाही. फक्त दरीत काही छान दिसलं की तोंडातून "अगं, ते बघ" निघतं आणि ऐकायला कुणी नसतं. महाडला मी सकाळी आरामात न्याहारी केली आणि निघाले.

गाव मागे पडलं आणि मागून हॉर्न ऐकू आले. या खेपेला हात ब्रेकवर गेला नाही, मला हॉर्न ओळखू आले. कप्तान शेजारी आली. तिनं वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जोरात मान हलवली, हातानं पुढे जा म्हणून सांगितलं. ती गेली. तिच्यामागून बाकीच्या दोघी गेल्या. वळणापर्यंत मी बघत होते. एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. तशी सक्त ताकीदच होती माझी.

मी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि पोटभर रडले.