काकांची भरलेली बाटली

सौंसर-नागपूर बसमध्ये मी चढलो की फुकटचा तमाशा सुरू! रोजच्या प्रवाशांना हसवल्याशिवाय मला करमतच नाही. एकदा नागपूरहून परतीच्या गाडीत एक काका दोन लिटरच्या बाटलीतून सारखं पाणी पीत होते. लघवीसाठी त्यांनी तिसऱ्यांदा गाडी थांबवली, तेव्हा मी आरोळी ठोकली, "काका, साऱ्या रस्त्याले ओलीत करून राहिले का?"

सगळी बस खदखदून हसली. काकाही हसले, आणि त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तीन आठवड्यांनी तेच काका परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसले. बाटली काठोकाठ भरलेली, ओठ मात्र सुकलेले.

"आज पाणी नाही पीत, काका?"

"क्यान्सरची दवाई किडनी जाळते. डॉक्टरनं सांगतलं होतं, पाणी पीतच राहा. पण लोकं हासते ना बापा. त्या दिवशी म्हटलं, घरी जाऊन पिऊ."

"आता प्या. गाडी मी थांबवतो."

"आता डॉक्टर किडनी बिघडली म्हणते. दवाई बंद केली, वापस पाठवलं."

त्यांनी बाटली हळूच माझ्या मांडीवर ठेवली.

"घ्या, तुमी प्या. तुमी बहुत बोलता. घसा सुकत असंन."