ताटातले दोन पेले

चर्चमधल्या उद्याच्या प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी सुनेने काळ्या मनुका उकळायला ठेवल्या आणि त्या आंबटगोड वासाने मला राळेगावच्या जुन्या, पत्र्याच्या चर्चमध्ये नेऊन बसवलं.

मी तेव्हा बाजारोबाजार फिरून बकऱ्या घ्यायचो, विकायचो. एका शनिवारी, आमच्याच मंडळीतल्या दानियलच्या बकरीचा भाव पाडता पाडता मी त्याला भर बाजारात खोटारडा म्हटलं होतं. रविवारी पास्टरसाहेब द्राक्षरसाच्या पेल्यांचं ताट घेऊन माझ्यापाशी आले, वाकले आणि म्हणाले, "भाऊ, आधी दानियलले भेटा. मंग घ्या." भांडण मिटवल्याशिवाय तो पेला घ्यायचा नाही, अशी आमच्यात रीत.

"मी कायले जाऊ? त्याले येऊ द्या न."

चालू असलेलं गाणं थांबलं. दानियल समोरच्याच सतरंजीवर मान खाली घालून बसला होता. मी उठलो नाही. उपासना संपली तेव्हा ताटात दोन पेले भरलेले राहिले होते. मी चपला घातल्या, तो पुन्हा त्या चर्चची पायरी चढलो नाही. पास्टरांनी चारचौघांत माझा अपमान केला, हेच सगळ्यांना सांगत आलो.

त्यांनी आधी घरी येऊन सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण ते माझ्या कानाशी बोलले होते. चारचौघांना ऐकू गेला तो माझा आवाज. आणि तो दुसरा पेला त्यांचा होता. पास्टरसाहेब नेहमी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे. त्या दिवशी ते मी उठायची वाट पाहत राहिले.