तरवडाच्या फुलांपायी फुटलेली डोकी

बाजारात हर्बल चहाची एक पुडी मिळते. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत छापलंय की यातली फुलं निसर्गाला आणि माणसाला कसलीही इजा न करता तोडलेली आहेत. ती पुडी हातात आली की मला हसू आवरत नाही. ती फुलं आमच्या माळावरची आहेत, आणि त्यांच्यापायी काय काय फुटलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका बाईच्या कानाची पाळी फाटली, एका गड्याचं मनगट मोडलं, माझा पुढचा एक दात माळावरच्या मुरमात कुठेतरी पडलाय. आणि एका माणसाचा डोळा गेला. त्याला मात्र मी हसत नाही.

माळ चिंताकी गावाच्या पुढे, आंध्राच्या हद्दीला लागून. तेव्हा पलीकडे आंध्रच म्हणायचे. तांबडी जमीन, मुरूम आणि तरवड, बाकी काही नाही. पिवळ्या फुलांचं हे झुडूप आमच्याकडे कुणी लावत नाही, ते असतंच. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून टिकतं. आम्ही मेंढरं राखणारे. बापाच्या पिढीपर्यंत माळावर कळप होते, मग कळप गेले आणि आम्ही मजूर झालो. मी हैदराबादला गेलो, चहाच्या एका कारखान्यात पुड्या भरायला. एक दिवस पोतं फोडलं तर आतून सुकलेली तरवडाची फुलं घरंगळली. ज्या झुडपाच्या काडीने आम्ही दात घासले, त्याची फुलं शहरातली माणसं गरम पाण्यात बुडवून घोट घोट पितात, हे कळल्यावर मी त्या पोत्यावरच बसलो आणि पोट धरून हसलो. मुकादमाने कमरेत लाथ घातली. माझ्या उद्योगाचा मुहूर्त असा लाथेने झाला.

गावी परतलो आणि बंगळुरूची एक कंपनी गाठली. त्यांनी फुलं घ्यायचं कबूल केलं, पण अटी घालून. झुडपावरची तिसरा हिस्सा फुलं ठेवायची, म्हणजे शेंगा धरतील, बी पडेल. फांदी मोडायची नाही. फुलं सावलीत वाळवायची. आणि तोडणाऱ्यांवर कसलीही जबरदस्ती करायची नाही. मी सगळ्याला मान डोलावली. गावातल्या वीस-बावीस बायका तोडायला आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माळाचा एक कोपरा असा ओरबाडला की तिथे टोळधाड बसून गेल्यासारखं वाटावं. कळीसुद्धा ठेवली नाही. मी हात जोडले, त्या हसल्या. मी रागावलो, त्या जास्तच हसल्या.

म्हणून मी माझ्या आत्याला आणलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. साठी उलटलेली, विधवा, सगळा जन्म कळपामागे गेलेला. पळत्या मेंढीच्या नाकापुढे वीतभर अंतरावर ती गोफणीने दगड टाकायची. मेंढीला लागायचा नाही, मेंढी फक्त वळायची. हेच शास्त्र तिने बायकांना लावलं.

"खालची फुलं घ्या, शेंडा सोडा," तिने पहिल्या दिवशी सांगितलं. "शेंडा खुडला तर मी हाय."

"मी हाय" याचा अर्थ दुपारपर्यंत सगळ्यांना कळला. एकीने शेंड्याला हात घातला आणि तिच्या बोटांपुढून दगड सणसणत गेला. ती जागीच खाली बसली.

"अक्का! जीव घेतीस का काय?"

"जीव घ्यायचा असता तर तू बोलली असतीस व्हय गं?"

गोफण दुरून समज देण्यासाठी असे. जवळच्यांसाठी तिच्याकडे काठी होती, आणि काठीला नेमाची गरज नव्हती. दोघी शेजारणी एका गच्च फुललेल्या झुडपावरून भिडल्या, एकीने दुसरीच्या कानातलं ओढलं, पाळी फाटली, रक्त पदरावर आलं. आत्याने आधी ओढणारीला झोडपलं, मग जिचा कान फाटला तिलाही झोडपलं.

"मला कामून मारायलीस, अक्का? माझाच कान फाटलाय की!"

"झुडूप मोडलं तुझ्या ढुंगणाखाली. उठ आधी त्याच्यावरनं."

मीही सुटलो नाही. कंपनीला नमुना पाठवायचा म्हणून मी एक डौलदार शेंडा खुडला, तर काठी अशी बसली की महिनाभर सदरा चढवता येईना. "अगं, मी मालक आहे," मी कळवळलो. "मालक घरी," ती म्हणाली, "हितं तू हावरा हायेस."

पण माळ फुलला. झुडपं गच्च झाली, शेंगा लोंबल्या, पावसाळ्यानंतर जुन्या झुडपांच्या मधून नवी रोपं वर आली. कंपनी खूश झाली. आणि मी? खरं सांगतो, मला मजा यायची. इजा न करता तोडलेल्या फुलांसाठी जी मारझोड लागते ती मी आत्याकडे सोपवली होती, आणि स्वतः सावलीत बसून फुलं चाळत होतो.

मग कंपनीचं पत्र आलं. त्यांची एक बाई तपासणीला येणार होती. झुडपं बघणार, बायकांशी एकेकटीने बोलणार. तपासणीत नापास झालो तर फुलं घेणं बंद. म्हणजे बायका पुन्हा ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर निघणार, आणि माळ ज्याच्या हातात कोयता त्याचा होणार.

मी बायकांची तालीम घेतली. "म्याडम इचारतील, हितं कुणी मारतं का? तर काय सांगायचं?"

"न्हाई सांगायचं," सगळ्या एका सुरात.

"आणि अक्का कोण?"

"कोण अक्का?" जिचा कान फाटला होता ती म्हणाली, आणि सगळ्या लोळून हसल्या.

आत्याला मी उदगीरला लेकीकडे जायला सांगितलं.

"कामून?"

"दोन दिवस. नातवाला बघून ये."

"नातू पळून जायलाय का?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला लपवायलास तू." पण गेली. मी स्वतः तिला बसमध्ये बसवलं.

म्याडम तिशीच्या, सडपातळ, उन्हाने लाल झालेल्या. शहरी कन्नड बोलायच्या, मऊ आणि स्वच्छ. आमच्या बायकांना कन्नड येतं, तेलुगूही येतं, त्यामुळे त्यांना तीन भाषांत खोटं बोलता येत होतं. पहिली आली ती विचारायच्या आतच म्हणाली, "हितं कुणी कुणाला मारत न्हाई." दुसरीही तेच. तिसरीने भर घातली, "आणि अक्का नावाची कुणीच न्हाई." म्याडमनी वहीतून मान वर केली. "यारादरू होडीतारा?" म्हणजे कुणी मारतं का, असं त्यांनी अजून कुणाला विचारलंच नव्हतं.

मी घाम पुसत होतो, तेवढ्यात टेम्पो आला.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. पलीकडे तेलुगू मुलखात बायका फुलांचे थर रचून सण करतात आणि त्यात तरवडाचं फूल लागतंच. दरवर्षी दोघंचौघं यायचे, आत्या त्यांना एकेक भारा नेऊ द्यायची, तोही हाताने खुडलेला. या वेळी शहरातल्या बाजारासाठी टेम्पो होता, चार गडी आणि चार कोयते. आत्या गावाला गेल्याची बातमी हद्दीपलीकडे कधीच पोचली होती. त्यांनी फुलं खुडली नाहीत, झुडपंच कापायला घेतली, बुडापासून. कोयत्याच्या दोन घावांत एक झुडूप आडवं होत होतं.

म्याडम बघतायत म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. नाटकातल्या राजासारखा हात उंचावून मी पुढे झालो. "थांबा!" माझं पुढचं वाक्य तयार होतं, पण कोयत्याची मूठ तोंडावर बसली आणि वाक्यासकट दात बाहेर आला. मी गुडघ्यावर आलो. बायकांनी टोपल्या टाकल्या आणि दगड उचलले. ज्या बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या त्या एका रांगेत उभ्या राहिल्या. एका गड्याला चौघींनी खाली पाडलं, कान फाटलेली त्याच्या छातीवर बसली आणि धोंड्याने त्याचं मनगट ठेचलं. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. "पंडुग उंदी अम्मा, पंडुग!" तो ओरडत होता. सण आहे, आई, सण आहे.

आणि म्याडम, काय मनात आलं कुणास ठाऊक, पळत जाऊन एका झुडपापुढे उभ्या राहिल्या. तिथल्या गड्याचा कोयता वर उचललेला होता, बाजूच्या फांदीवर मारायला. त्याच क्षणी माळाच्या कडेला दगडांचा ढीग आहे तिथून गोफणीचा फटकारा वाजला. आत्या बसमध्ये बसली होती, पण पहिल्याच थांब्यावर उतरली होती.

दगड त्याच्या डोळ्यावर बसला.

तो पडला नाही. कोयता हळू खाली ठेवला, जसं काही कुणाला लागू नये, आणि मग बसला. दोन्ही हात चेहऱ्यावर, बोटांमधून रक्त. "अम्मा," एवढंच म्हणाला.  म्याडमनी ओढणी काढून त्याचं डोकं बांधलं, ती पिवळी ओढणी बघता बघता काळपट झाली, आणि त्याच टेम्पोत त्याला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या.

पुढे पोलीस झाले, दोन्ही गावच्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली. ते कोयते घेऊन आमच्या हद्दीत आले होते आणि आम्ही डोळा घेतला होता. दोन्ही बाजूंनी तक्रार मागे घेतली. सणाआधी एक दिवस त्यांनी यावं, आम्ही दाखवू त्या झुडपांची फुलं हाताने खुडावीत, असं ठरलं. डोळा गेलेल्या गड्याला मी बघायला गेलो. तो शिव्या देईल म्हणून मी मार खायच्याच तयारीने गेलो होतो. तो खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "मी त्या म्याडमला मारत नव्हतो. फांदी तोडत होतो. तुमच्या म्हातारीला एवढं सांगा." 

कंपनीचं पत्र दहा-बारा दिवसांनी आलं. म्याडमनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की इतका नीट राखलेला माळ त्यांनी कुठेच पाहिला नाही, आणि अशा पद्धतीने राखलेलाही पाहिला नाही. फुलं घेऊ, पण ती म्हातारी पुन्हा माळावर दिसता कामा नये.

दोन्ही गोष्टी सांगायला मी आत्याकडे गेलो. दुपारची वेळ. ती ओसरीवर डाळ निवडत होती. आधी मी त्या गड्याचा निरोप सांगितला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "दिसत होतं, फांदीवर घाव घालायलाय ते. मी त्याच्या मनगटावर सोडला होता."

मला कळायला वेळ लागला. आत्याचा नेम कधी चुकलाच नव्हता.

"सुपात खडे हायेत का, बग," तिने सूप माझ्याकडे सरकवलं. वरच दोन मोठे खडे होते, तिला दिसले नव्हते. मी ते वेचले. मला भडभडून आलं, तसं तिने माझ्या टाळक्यात टपली हाणली.

"रडायलास कामून, मुडद्या? कुणाला बोललास तर बग. ऐक. उद्या सगळ्यांच्या म्होरं मला माळावरनं हाकल. कंपनीचं नाव सांग, मोठ्यानं. मी तुला मारीन. मार खायाचा, हात उचलायचा न्हाई."

"किती मारशील?"

"बायांना खरं वाटंल तेवढा."

दुसऱ्या दिवशी बायकांसमोर मी छाती काढून कंपनीचं पत्र वाचलं. आत्याने पदर खोचला आणि मला जे धुतलं ते मी आजवर कुणाला पुरतं सांगू शकलेलो नाही. काठी मोडली तेव्हा चपलेने मारलं. ठरलेलं होतं हे माहीत असूनही मी मनापासून बोंबललो. बायका मध्ये पडल्या, "अक्का, मरंल की गं त्यो!" आत्याने माझ्या उघड्या तोंडाकडे, पडलेल्या दाताच्या जागेकडे बघून थुंकी टाकली. "कंपनी मला काय हाकलती? मी कुटं बी आसंन. तुमाला दिसणार न्हाई, पर मला शेंडा दिसंल." एवढं बोलून ती उतारावरून खाली गेली. मोडक्या वाटेवर ती पाय चाचपून टाकत होती, ते मला एकट्याला दिसलं.

ती पुन्हा माळावर आली नाही. पुढची काही वर्षं घरात बसून राहिली आणि मग गेली. पण ती माळावरून उतरली त्याच दिवशी, तोडणी सुरू झाल्यावर, कान फाटलेलीचा हात सवयीने शेंड्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिने इकडेतिकडे बघितलं, मग मला हळूच विचारलं, "अण्णा, अक्का खरंच घरी हाय का?"

मी सुजलेला ओठ चाचपला, माळाच्या कडेच्या दगडांच्या ढिगाकडे एकवार पाहिलं आणि अदबीने मान खाली घातली. तिने हात मागे घेतला आणि खालची फुलं खुडायला लागली.