बाप्पा लाइफबोटीत

झाशीत बसून लाइफबोटी बनवणारा माणूस म्हणजे मी. हसा खुशाल, सगळी रेल्वे कॉलनी हसून झाली आहे. वडील नोकरीपायी नाशिककडून इथं आले, माझा जन्मच इथला. समुद्र पाहिला तो चित्रात. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात लाइफबोटीचे नकाशे सापडले आणि डोक्यात किडा वळवळला. फुटाला इंच या मापानं सागवानी पट्ट्या, पितळी खिळे, वल्ही, दोर, सगळं हुबेहूब. शेजारी विचारायचे, "बाबूजी, नाव तो बन गई, समंदर कब खुदवा रहे हो?"

बनवलेल्या सगळ्या होड्या बैठकीतल्या फळीवर मांडलेल्या, पाण्यात मात्र एकही कधी घातली नाही. व्हार्निश खराब होईल ना!

बायको खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी घरातली, बोलेल ते करणारी. एक दिवस म्हणाली, "अहो, एक तरी तरंगवून दाखवा. जमलं तर ती फळी तुमची. नाही तर दिवाळीच्या आत सगळ्या कबाड्याला."

परीक्षाही तिनंच ठरवली, घरच्या गणपतीचं विसर्जन. मातीची वीतभर मूर्ती होडीत बसवायची, होडी तलावात सोडायची आणि बाजूची दोरी ओढून उलटवायची. बाप्पा पाण्यात जातील, होडी आपोआप सुलटी होईल. खरी लाइफबोट तशीच होते. माझ्या होडीच्या बुडालाही त्यासाठी शिसं भरलेलं होतं.

तलावावर अर्धी कॉलनी लोटली. होडी सोडली आणि काय सांगू, अशी डौलात तरंगली! जिंकलो, म्हटलं. दोरी ओढली. होडी उलटली, "मोरया"चा गजर झाला आणि होडी सुलटी झाली. बाप्पांसकट.

माझी नोकरी मालगाडीतला माल घट्ट बांधलाय की नाही हे तपासायची. वाटेत धक्का लागू नये म्हणून सवयीनं मी मूर्तीही आवळून टाकली होती, गाठीवर गाठ. पुन्हा ओढली. पुन्हा बाप्पा वर. "भैया, भगवान जाना ही नहीं चाहते!" लोक पोट धरून हसत होते. ही हसत नव्हती. आरती झालेली, निरोप दिलेला, सूर्य बुडायला आलेला.

"अहो, काहीतरी करा हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

ओल्या गाठी सुटेनात. शेवटी छातीभर पाण्यात उतरलो आणि होडी दोन्ही हातांनी खाली दाबून धरली. ती मेली सारखी वर यायला बघायची. स्वतःच्या हातच्या कामाचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि इतका अभिमानही कधी वाटला नव्हता. हात बधिर झाले तेव्हा कुठं माती विरघळली, दोऱ्या सैल पडल्या आणि होडी वर आली.

विसर्जनाहून परतताना काठाची थोडी वाळू पाटावर आणून रिकाम्या चौरंगावर ठेवायची आमची रीत. यंदा हिनं पाट माझ्या हातात दिला आणि तळाशी मूर्तीच्या मातीचा गाळ साचलेली ती होडीच उचलून घरी आणली. चौरंगावर ठेवून तिच्या टोकाला हळदकुंकू लावलं, थेट व्हार्निशवर. मी फडकं घेऊन गाळ पुसायला पुढं झालो.

"हात लावू नका," ती म्हणाली. "फळीवरच्या तुमच्या. ही माझी."