विहिरीतला लंबक

आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात प्रॅक्टिकलची रीडिंग सगळे पेन्सिलने लिहायचे. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर मागे जाऊन आकडे खोडता येतात, जुळलं की वरून पेन फिरवायचं. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मला तर मुळीच नाही. शीतल मात्र पहिल्या दिवसापासून थेट निळ्या पेनाने लिहायची. आम्ही दोघी एका टेबलावर. मी म्हटलं, अगं पेन्सिल घे, माझ्याकडे दोन आहेत. तर म्हणाली, "नगं. चुकलं तर चुकलं, कुठं चुकलं ते तरी दिसंल." त्या दिवसापासूनच ती माझ्या डोक्यात बसली, आणि काही चांगल्या अर्थाने नव्हे.

शीतल कोल्हारची. घरी ऊस, चार गाई, दोन थोरले भाऊ. सकाळच्या एसटीने नगरला यायची, संध्याकाळी परत. मी भिंगारची. वडील लष्कराच्या एका कार्यालयात कारकून, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीला मुदत असायची. माझी मुदत ठरलेली होती: परीक्षा झाल्यावर सहा महिन्यांत नोकरी, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. जेवायला बसलं की एकच प्रश्न, फिजिक्स करून पुढे काय? मी बँकेचे फॉर्म भरले, रेल्वेचे भरले, तलाठ्याचासुद्धा भरला. वर्गातले सगळेच भरत होते. तासाला सर शिकवायचे आणि आम्ही बाकाखाली मोबाईलवर जाहिराती बघायचो.

शीतलला विचारलं तर ती म्हणायची, "पुढचं पुढं बघू की. आधी हे तर कळू दे." आणि खरोखर एका गणितावर दोन-दोन तास बसायची. डबा तसाच राहायचा. मला तिचा हेवा वाटायचा, अगदी पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू, गुण मलाच जास्त पडायचे. पण मला फिजिक्स उरकायचं होतं आणि तिला ते आवडत होतं. हे मला सहन व्हायचं नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला. मी काचेवर पातळ थर द्यायचा विषय घेतला. नाव भारदस्त, आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका मुलीची फाईल हाताशी होती. निम्मी रीडिंग मी घेतली, निम्मी त्या फाईलने दिली. आलेख असा सरळ आला की सर म्हणाले, वा!

शीतलने काय करावं? तिने घरच्या विहिरीत लंबक सोडला. विहिरीवरच्या लोखंडी गर्डरला बादलीचा नायलॉनचा दोर बांधला, खाली जुन्या तराजूचं पाच किलोचं वजन, आणि गुरुत्वाकर्षण मोजायला बसली. लांब लंबक सावकाश झुलतो, वेळ नीट मोजता येते, हा तिचा हिशोब. उत्तर आलं नऊ पॉइंट चार. यायला हवं नऊ पॉइंट आठच्या आसपास, त्यापेक्षा हे बरंच कमी. आठ दिवस ती डोकं धरून बसली. मग एका दुपारी तिला दिसलं की पाण्याच्या वीतभर वर लटकलेलं वजन आता पाण्याला टेकलंय. दोर ताणला जात होता! तिने लांबी मोजली होती ती दोर अंगणात आडवा टाकून, वजन न लावता. मग तिने तार आणली, वजन लटकवून लांबी मोजली, आणि उत्तर आलं नऊ पॉइंट सत्त्याहत्तर. हे सगळं तिने मला कॉलेजच्या कट्ट्यावर इतक्या आनंदाने सांगितलं की मी वैतागून म्हणाले, अगं हे बारावीचं आहे.

सरही तेच म्हणाले. वर म्हणाले, ते पहिलं चुकीचं कोष्टक तरी फाडून टाक. तिने फाडलं नाही. "चूक बी माजीच हाय की सर," असं म्हणून दोन्ही कोष्टकं बाइंडिंगला दिली.

त्या वर्षी पुण्याच्या एका संशोधन संस्थेने आमच्या विभागाकडून एकच नाव मागवलं होतं. वर्षभराचं काम, दरमहा मानधन. नाव माझं गेलं. शीतलने मला कॅन्टीनमध्ये वडा खाऊ घातला. तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, याचाच मला राग आला.

मुलाखतीत बाहेरून आलेले एक म्हातारे सर होते. त्यांनी माझा आलेख पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि विचारलं, "प्रयोगात कुठे अडलात? एखादी चूक सांगा, तुम्ही स्वतः शोधलेली." माझ्याकडे एकही नव्हती. फाईलमधून उतरवलेल्या आकड्यांना चूक कुठली? आणि मग माझ्या तोंडून विहीर आली. गर्डर, बादलीचा दोर, पाण्याला टेकलेलं वजन, सगळं. मावशीच्या गावची विहीर, असंही जोडून दिलं. म्हातारे सर खुर्चीत पुढे सरकले. माझी निवड झाली. लोक दुसऱ्याचं यश चोरतात, मी तिची चूक चोरली.

पुढच्या वर्षी तिथेच आणखी एक जागा निघाली आणि शीतलने अर्ज केला. तिची मुलाखत होती त्याच आठवड्यात माझी मुदतवाढीची ऑर्डर निघायची होती. ती आत गेली आणि मी खाली झाडाच्या पारावर बसले. ते म्हातारे सर आत आहेत, हे मला माहीत होतं. तिला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दहा मिनिटांत ती बाहेर आली. चेहरा मात्र खुललेला. मी विचारलं, काय झालं? जागा बहुतेक गेली, म्हणाली. तिने विहिरीचं सांगायला सुरुवात केली तशी म्हातारे सर हसले, विहीर, ताणलेला दोर, हे सगळं आम्ही आधी ऐकलंय म्हणाले आणि तिला उठायला सांगितलं.

"म्हंजे बघ," ती म्हणाली, "माज्याआधी बी कुनीतरी हिरीत लंबक सोडला हाय. त्याचा बी दोर तानला म्हने. त्याचं उत्तर किती आलं असंल गं? माज्याइतकंच आलं असंल, तर माजं पक्कं बरोबर हाय."

ही बाई जागा घालवून आली होती आणि कुणा अनोळखी माणसाच्या आकड्याची चौकशी करत होती. मला तिच्यासमोर बसवेना. मी म्हणाले, "दुसरं कुणी नाही शीतल. ते मी सांगितलं होतं. तुझंच, माझं म्हणून."

तिचा चेहरा तेव्हा उतरला. "म्हंजे दुसऱ्या कुनी केलंच न्हाई?"

"नाही."

ती पारावर टेकली. बाकीचं हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं असावं, कारण बऱ्याच वेळाने तिने वर खिडकीकडे पाहिलं. मुलाखती अजून चालू होत्या. मग तिने मला सरळ विचारलं, "तू वर जाऊन सांगनार हाइस का?"

मी जागची हलले नाही. ती थांबली. रागावून नाही, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तशी, पुरेसा वेळ देऊन. मग पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालू लागली.

माझी ऑर्डर निघाली. मी अजून तिथेच आहे, वडील खूष आहेत, स्थळांचा विषय बंद आहे. शीतल गावाजवळच्या ज्युनियर कॉलेजात तासिकेवर अकरावीला शिकवते आणि माझा फोन उचलत नाही. परवा तिकडची एक मुलगी आमच्याकडे संस्था बघायला आली होती. बी.एस्सी.ला फिजिक्सच का घेतलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, आमच्या शीतल मॅडममुळे. वर्गातल्या नऊ जणांनी घेतलंय. मी तिला प्रयोगशाळा दाखवली, चहा पाजला, गेटपर्यंत सोडलं. आणि परत येताना पोटात पुन्हा तसंच दुखायला लागलं.